अल्प आयुष्य आणि अक्षय करुणा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, हा मी माझा बहुमान समजतो. मी कीर्तनकार नाही आणि शास्त्री-पंडितही नाही. उभे आयुष्य शाळेत मुलांना गणित शिकविण्यात गेले. तेव्हा परमेश्वराच्या करुणेसारख्या विषयावर बोलण्याचा या गृहस्थाला अधिकार काय, असे आपणांस वाटले तर ते योग्यच आहे. माझा अधिकार एवढाच, की या विषयातील हिशेब मी एकदा चुकविला आहे आणि चूक कोठे झाली ते मला आता ठाऊक आहे. ती चूक आपल्यापुढे सांगावी म्हणूनच मी उभा राहिलो आहे.

आपल्या स्मरणिकेत एक पान असे असते, की जे आपण सर्वजण प्रथम उघडतो, परंतु तसे कोणी कबूल करीत नाही. ते पान म्हणजे वर्षभरात दिवंगत झालेल्या सभासदांच्या नामावलीचे. गेल्या संमेलनात जे आपल्या शेजारी बसून पंगत केव्हा बसणार म्हणून चौकशी करीत होते, त्यांतील काहींची नावे यंदा त्या पानावर आहेत. आणि पुढील वर्षी ज्यांची नावे तेथे येतील, ती माणसे आज याच सभागृहात बसलेली आहेत. कदाचित त्यांतील एकजण आत्ता आपल्यापुढे बोलतही असेल. हे मी भय घालण्यासाठी म्हणत नाही. जे उत्तर येईल ते फळ्यावर लिहावे, एवढीच गणिताच्या मास्तराची सवय.

माणसाचे आयुष्य किती लहान आहे हे समजण्यासाठी ग्रंथ धुंडाळण्याची आवश्यकता नाही. कोणत्याही पूजेच्या आरंभी आपण पाटावर बसून, उजव्या हातावर पाणी घेऊन संकल्प सोडतो. त्या संकल्पात काय असते याकडे आपण क्वचितच लक्ष देतो. प्रथम ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा उत्तरार्ध, मग श्वेतवाराह कल्प, मग वैवस्वत मन्वंतर, मग अठ्ठाविसावे कलियुग व त्याचा पहिला चरण, त्यानंतर शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, आणि सरतेशेवटी आपले गोत्र व आपले नाव. पुराणांच्या गणनेप्रमाणे ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे एक कल्प, आणि एक कल्प म्हणजे चारशे बत्तीस कोटी मानवी वर्षे. एकट्या कलियुगाची वर्षे ४,३२,०००. त्यांपैकी सरली ती पाच हजारांहून थोडी अधिक. माणसाचे आयुष्य पुरते शंभर वर्षांचे धरले, तरी ते एका कल्पाचा चार कोटी बत्तीस लाखावा भाग भरते.

एवढा अफाट काळ उच्चारून झाल्यावर त्याच्या टोकाशी आपण आपले नाव ठेवतो. ज्याच्यापुढे हा सारा काळ पापणी लवण्याइतकाच आहे, त्याने पाटावर बसलेल्या या माणसाचे नावगोत्र ऐकून घ्यावे, त्याच्या हातचे पळीभर पाणी गोड मानावे, अशी आपली श्रद्धा असते. परमेश्वराची करुणा म्हणतात ती याहून वेगळी काय असणार?

हा विचार आपल्यालाच सुचला असे मात्र नाही. ज्यू लोकांच्या स्तोत्रसंहितेत १०३ वे स्तोत्र आहे. मनुष्याचे दिवस गवतासारखे आहेत. तो रानातल्या फुलासारखा उमलतो आणि वारा वाहून गेला की त्याची जागादेखील त्याला ओळखीत नाही. परंतु परमेश्वराची दया मात्र अनादि-अनंत असून ती भक्तांच्या नातवंडांपर्यंत पोचते, असा त्याचा आशय आहे. पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. १९२२ च्या एप्रिल महिन्यात बाई स्वतःही गेल्या. पण तत्पूर्वी ते काम त्यांनी तडीस नेले होते. रानातल्या फुलाचा अर्थ समजण्यासाठी त्या माउलीला कोश पाहावा लागला नसेल.

येथवर अनेक धर्मांचे आणि संतांचे एकमत आहे. माणूस अल्पायुषी आहे आणि परमेश्वराची दया अक्षय आहे. प्रश्न असा आहे, की यातून आपण निष्कर्ष कोणता काढावयाचा? माझी चूक झाली ती या पायरीवर. तीच चूक पुष्कळांची होत असावी असे मला वाटते. आपण म्हणतो, "देव दयाळू आहे, तो सांभाळून घेईल." मग क्षमा मागावयाची ती उद्या, धर्म करावयाचा तो सेवानिवृत्तीनंतर, आणि तुटलेले नाते जोडावयाचे ते योग्य वेळ आल्यावर! देव सांभाळून घेईल यात मला तिळमात्र शंका नाही. परंतु ज्याची क्षमा मागावयाची, तो मनुष्य उद्या असेल काय? हा प्रश्न आपण देवाच्या दयाळूपणाखाली झाकून ठेवतो. देवाला उशीर कधीच होत नाही. उशीर होतो तो माणसाला.

ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वांच्या आधी कोणी ओळखली असेल, तर ती पुंडलिकाने. कथा आपणां सर्वांना तोंडपाठ आहे. पूर्वायुष्यात आईबापांची हेळसांड केलेला पुंडलिक पुढे पश्चात्तापाने त्यांच्या सेवेला लागला. तो त्यांचे पाय चेपीत असता साक्षात भगवान दाराशी आले. पुंडलिकाने जवळची वीट मागे टाकली आणि जरा थांबावयास सांगितले. लहानपणी मला या कथेचे नवल वाटे, की देव दाराशी आला असता हा मनुष्य उठला कसा नाही? आज वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर मला वाटते, की पुंडलिकाचा हिशेब अगदी बिनचूक होता. देवाजवळ काळाला तोटा नव्हता. म्हाताऱ्या आईबापांजवळ तो थोडाच उरला होता. ज्याच्याजवळ काळ अपरंपार आहे त्याला थांबविता येते; ज्याच्याजवळ थोडा आहे त्याला थांबविता येत नाही. म्हणून पुंडलिकाने देवाला थांबविले आणि आईबापांना थांबविले नाही.

आणि देव काय करतो? तो रागावत नाही, परत फिरत नाही. कमरेवर हात ठेवून विटेवर उभा राहतो. अठ्ठावीस युगे तो तसाच उभा आहे, असे आपण आरतीत म्हणतो. वाट पाहण्याची ही तयारी म्हणजेच त्याची करुणा होय. म्हणूनच वारकरी चंद्रभागेत स्नान करून आधी वाळवंटातील पुंडलिकाचे दर्शन घेतो आणि मग विठोबाकडे वळतो. जयघोषातही पुंडलिकाचे नाव आधी येते.

आपल्या संतांनीही 'उद्या' हा शब्द फारसा वापरलेला दिसत नाही. ज्ञानदेवांनी नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, गीतेवरील टीका पूर्ण केली आणि शेवटी पसायदान मागितले. तेव्हा ते पुरते विशीचेही नव्हते. त्यांच्या आईबापांना समाजाच्या निर्दयतेपायी देह टाकावा लागला, असे परंपरा सांगते. अशा मुलाने देवापाशी काय मागावे? दुष्टांचा नाश व्हावा असे त्याने मागितले नाही; त्यांच्यातील वाकडेपणा जावा आणि सर्व प्राणिमात्रांत मैत्री व्हावी, असे मागितले. स्वतःसाठी आयुष्य मागितले नाही. सहा वर्षांनी, १२९६ साली, त्यांनी आळंदीस समाधी घेतली, आणि पाठोपाठ थोड्याच अवधीत सोपानदेव, मुक्ताबाई व निवृत्तिनाथ हेही गेले. क्षमा करावयास त्यांनी म्हातारपणाची वाट पाहिली असती, तर आपल्याला पसायदान मिळालेच नसते.

आता कोणी विचारील, की परमेश्वर एवढा करुणामय आहे, तर मग दुष्काळ, महापूर, रोगराई आणि अकाली मृत्यू हे कशासाठी? याचे उत्तर मजजवळ नाही, आणि ज्याच्या घरात नुकताच दिवा विझला आहे त्याच्यापुढे असे उत्तर देण्याचे धाडसही कोणी करू नये. मी केवळ तुकोबांकडे बोट दाखवितो. १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला, व्यापार बुडाला. त्यानंतर त्यांनी जे केले ते चरित्रकारांनी सांगितले आहे. घरात लोकांकडील येण्याचे कागद होते. त्यांतील निम्मे त्यांनी धाकट्या भावाला, कान्होबाला, दिले आणि आपल्या वाट्याचे इंद्रायणीत बुडविले. देवाची दया कोठे आहे, असे त्या दुष्काळात देहूच्या एखाद्या कर्जदार शेतकऱ्याने विचारले असते, तर त्याला ती त्या दिवशी इंद्रायणीच्या डोहात दिसली असती. तुकोबांना आयुष्य मिळाले ते सुमारे बेचाळीस वर्षांचे. ते कागद जपून ठेवण्याइतके काही ते लांब नव्हते.

परंतु जेथे आपण उशीर केला त्याचीही आठवण ठेवली पाहिजे, विशेषतः आपण ज्ञातिबांधव म्हणून एकत्र जमलो असताना. चोखोबांना पंढरीच्या मंदिरात कधी जाता आले नाही. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम कोसळून ते गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. म्हणजे मृत्यूनंतरही चोखोबा दाराच्या बाहेरच राहिले. पुढे साने गुरुजींनी मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून महाराष्ट्रभर दौरा केला, आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. १० मे रोजी, दार उघडण्याचे निश्चित झाल्यावर, ते सुटले. मध्ये वर्षे गेली सहाशे नऊ! आत उभ्या असलेल्या देवाला ही सहाशे वर्षे कदाचित क्षणभराची वाटली असतील. परंतु बाहेर उभ्या असलेल्या माणसांच्या त्यात किती पिढ्या गेल्या! देवाची दया कमी पडली नव्हती. दार आपण लावून घेतले होते. आपले पूर्वज त्या दाराच्या कोणत्या बाजूस उभे होते, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावे.

आता माझी चूक सांगतो.

कृष्णाकाठच्या गावी आमचे वडिलोपार्जित घर होते. २००८ साली मातोश्री वारल्यानंतर माझे थोरले बंधू आणि मी यांच्यात वाटणी झाली. मधली भिंत कोठे घालावी यावरून वाद झाला. प्रश्न माजघरातील दीड हात जागेचा. मी शहरात राहत होतो, मला त्या दीड हाताचा काडीचाही उपयोग नव्हता. तरीपण बोलणे बंद झाले. भिंत दादाच्या म्हणण्याप्रमाणे उभी राहिली आणि मी त्या घराकडे पाठ फिरविली. माझ्या हिश्श्याची घरपट्टीदेखील मी भरली नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गावात पाणी शिरले, मातीच्या भिंती विरघळल्या आणि ती मधली भिंतही वाहून गेली. ज्याकरिता भांडलो ते उरले नाही, हे कळल्यावर मला रात्रभर झोप आली नाही. मी दादाला चार पानी पत्र लिहिले. पाकिटात घातले, वर पत्ता लिहिला. मग मनात आले, की दिवाळी तोंडावर आली आहे, तोच आधी दोन ओळी लिहील. दिवाळी गेली. मार्च २०२० मध्ये सर्व व्यवहार बंद झाले आणि मला विलंबाला नवे निमित्त मिळाले. एप्रिल २०२१ मध्ये दादाला त्या साथीने गाठले. अकरा दिवस तो रुग्णालयात होता. भेटावयास कोणालाच परवानगी नव्हती. बाराव्या दिवशी दूरध्वनी आला. खांदा देण्याचे भाग्यही मला लाभले नाही. पाकीट माझ्या टेबलाच्या खणात तसेच होते.

वर्षश्राद्धाला मी गावी गेलो. पाने उठल्यावर वहिनींनी एक कापडी पिशवी माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, "भावोजी, हे तुमचे कागद. ह्यांनी जपून ठेवायला सांगितले होते." आत माझ्या नावाच्या घरपट्टीच्या पावत्या होत्या. अकरा वर्षांच्या अकरा. मी ज्या वर्षांत त्याचे नाव घेत नव्हतो, त्या प्रत्येक वर्षी तो ग्रामपंचायतीत जाऊन माझ्या नावाने पैसे भरीत होता. पुराच्या आदल्या रात्री घर सोडताना त्याने जे थोडे सामान माळ्यावरून काढून बरोबर घेतले, त्यात ही पिशवी होती. मी विचारले, "वहिनी, दादा मला कधी बोलला कसा नाही?" त्या म्हणाल्या, "मी किती वेळा म्हटले, की आपणच फोन करा. ते म्हणायचे, धाकटा आहे, येईल आपण होऊन. घाई कसली?"

बंधुभगिनींनो, त्या दिवशी मला परमेश्वराची करुणा म्हणजे काय ते समजले. ती अशीच असते. आपण पाठ फिरवितो आणि ती आपल्या नावाने पट्टी भरीत राहते. पण त्याच दिवशी दुसरेही समजले. दादाजवळ देवाचा धीर होता. देवाचे आयुष्य मात्र नव्हते. विटेवर उभे राहून युगानुयुगे वाट पाहणे हे विठोबाला शोभते. तुम्हाआम्हाला ते परवडणारे नाही. आपल्याला पुंडलिकासारखेच वागले पाहिजे: जो लवकर जाणार आहे, त्याच्याकडे आधी वळले पाहिजे.

यासाठी मंडळापुढे मी तीन लहान विनंत्या ठेवतो. पहिली आपल्या विद्यार्थी साहाय्यनिधीविषयी. अर्ज जून महिन्यात येतात आणि मंजुरी दसऱ्यानंतरच्या सभेत मिळते. महाविद्यालयाच्या फीची तारीख तोवर उलटून गेलेली असते. चौकशी अवश्य करावी, पण तिघांच्या उपसमितीला पंधरा दिवसांत निर्णय करण्याचा अधिकार द्यावा. मुलाचे वर्ष एकदा बुडाले की ते व्याजासह परत करता येत नाही. दुसरी विनंती अशी, की या निधीतून दरवर्षी निदान एका मुलाला वा मुलीला, ती आपल्या ज्ञातीची नसली तरी, साहाय्य व्हावे. निधी ज्ञातीचा आहे, ज्ञातीच्या मुलांसाठी आहे, हे मी जाणतो. परंतु चोखोबांच्या समाधीसमोर उभे राहून आपल्याला एवढे तरी म्हणता यावे, की आमच्या हाती होते तेवढे एक दार आम्ही उघडले.

तिसरी विनंती मंडळाला नसून आपणांपैकी प्रत्येकाला आहे, आणि तिला ठरावाची आवश्यकता नाही. या सभागृहात असे भाऊ आहेत, असे व्याही आहेत, असे जुने भागीदार आहेत, की जे एकाच ओळीत बसण्याचे टाळून दूर दूर बसले आहेत. कोणाचे चुकले हे मला ठाऊक नाही, आणि जाणून घेण्याची इच्छाही नाही. माजघरातील दीड हाताहून ते अंतर फारसे मोठे नसेल. थोड्याच वेळात पंगत बसेल. ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे, त्याच्या शेजारचे पान धरावे. बोलण्याला विषय न सुचला, तर वरण वाढावयास सांगावे. एवढ्याने पुष्कळ काम होते.

माझ्या खणातले ते पाकीट अजून आहे. त्यावरचा पत्ता बरोबर आहे, तिकीटही लावलेले आहे. ते मी फाडणार नाही. परमेश्वराची दया अनंत आहे, त्यामुळे ते पत्र केव्हा ना केव्हा पोचेल असे मी मानतो. तथापि आपले पत्र आपण आजच टाकावे.

 सर्वांना दीर्घायुष्य लाभो, आणि जे लाभेल ते एकमेकांच्या कामी येवो, एवढीच पांडुरंगचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.